गव्हर्नर कोल्सच्या दारात

कानांत बोटं घालायची तर आत्ताच घाला. 1823 चा फेब्रुवारी चालू आहे. तुम्ही इलिनॉय राज्याच्या राजधानीत, व्हँडेलियात उभे आहात आणि समोरून मशाली पाजळत एक मिरवणूक येते आहे. कुणी शिंगं फुंकतंय, कुणी ढोल बडवतंय, ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांनी पत्र्याची भांडी उचलली आहेत. व्हिस्कीचा भपकारा माणसांच्या आधी तुमच्यापर्यंत पोचतो. राजधानी म्हणून फार अपेक्षा धरू नका. कॅस्कॅस्किया नदीच्या काठी जंगल तोडून नुकतंच वसवलेलं हे गाव. ओंडक्यांची घरं, आणि पायाखाली चिखल.

मिरवणुकीतले चेहरे नीट बघून घ्या. हे गावगुंड नाहीत. आमदार आहेत, न्यायाधीशही आहेत. एकेका विरोधकाच्या मुक्कामासमोर थांबून ते यथेच्छ शिमगा करतात आणि मग गव्हर्नरच्या दारात येतात. आत एडवर्ड कोल्स आहे. वय छत्तीस, अविवाहित, व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराचा मुलगा. या राज्याचा तो दुसराच गव्हर्नर, आणि त्याच्याच विधिमंडळाने आज त्याला धोबीपछाड दिली आहे.

झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी सूत्रं हाती घेताना कोल्सने सरळ सांगून टाकलं: राज्यात जी काही गुलामगिरी शिल्लक आहे ती संपवा. ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी नसेल, असं 1787 च्या कायद्यातच लिहिलं होतं. पण इलिनॉयमध्ये जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे गुलाम तसेच होते, मुदतीच्या करारांखाली राबणारी माणसं होती, आणि शॉनीटाउनजवळच्या मिठागरांसाठी तर राज्यघटनेनेच 1825 पर्यंत सूट दिली होती. गव्हर्नरच्या भाषणाला विधिमंडळाने उलटं उत्तर दिलं. नवी राज्यघटना लिहायला परिषद बोलवावी का, यावर लोकांचं मत घ्यायचं ठरलं. परिषद गुलामगिरी कायदेशीर करण्यासाठीच, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. ठरावाला दोन तृतीयांश मतं हवी होती आणि एक कमी पडत होतं. मग निकोलस हॅन्सन नावाच्या सदस्याने विरोधात मत दिल्याबरोबर, आपणच काही आठवड्यांपूर्वी वैध ठरवलेली त्याची निवडणूक सभागृहाने अवैध ठरवली, त्याच्या जागी जॉन शॉ याला बसवलं आणि ठराव पास केला. पत्र्याची भांडी वाजताहेत ती या पराक्रमासाठी.

या माणसाला हे नसते उद्योग कुणी सांगितले होते, ते कळायला चार वर्षं मागे चला.

एप्रिल 1819. पिट्सबर्गच्या खाली ओहायो नदीचा प्रवाह संथ आहे, सकाळ स्वच्छ आहे. तुम्ही सपाट तळाच्या, एकमेकींना बांधलेल्या दोन मोठ्या नावांवर उभे आहात. घोडे, गाड्या, बोचकी, पोरंबाळं, सगळं याच नावांवर. दारू पिऊन पडणाऱ्या नावाड्याला कोल्सने पिट्सबर्गला हाकललं, तेव्हापासून सुकाणू त्याच्याच हाती आहे. बरोबरची सतरा-अठरा काळी माणसं त्याची मालमत्ता आहेत, निदान या क्षणापर्यंत तरी. इलिनॉयला जायचंय एवढं त्यांना ठाऊक आहे. तिथे आपलं काय होणार, हे नाही.

तो सगळ्यांना जवळ बोलावतो आणि थोडक्यात सांगतो, की तुम्ही आता गुलाम नाही. माझ्याइतकेच मोकळे आहात. हवं तर माझ्याबरोबर या, हवं तर किनाऱ्याला उतरून आपल्या वाटेने जा. बघा, कुणीच काही बोलत नाही. ते आधी त्याच्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. मग कुणीतरी हसतं, पण ते हसणं धड हसणं नव्हे. घशात अडकलेलं, थांबवता न येणारं. मग डोळे वाहू लागतात. प्रत्येक कुटुंबाला 160 एकर जमीन मिळेल हेही तो सांगतो. त्यावर त्यांच्यातले काहीजण म्हणतात, तुमचं बस्तान बसेपर्यंत आम्ही तुमच्याकडेच राबतो. कोल्सनेच हे सगळं पुढे लिहून ठेवलं आहे, म्हणजे दृश्य आपण मालकाच्या डोळ्यांनी बघतो आहोत, याची आठवण असू द्या.

आणि भारावून जाण्याआधी थोडा हिशेबही करा. वडील वारले 1808 मध्ये, तेव्हा ही माणसं त्याच्या वाट्याला आली. माणसाची मालकी माणसाकडे असू शकत नाही, हे त्याला त्याच्याही आधी, विल्यम अँड मेरी कॉलेजात शिकताना पटलं होतं. मधली अकरा वर्षं ही माणसं राबतच होती. अडचणी होत्या, नाही असं नाही. मुक्त केलेल्या गुलामाने बारा महिन्यांत राज्य सोडावं असा व्हर्जिनियाचा 1806 चा कायदा होता, घरच्यांचा विरोध होता, शिवाय राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी त्याला खाजगी सचिव म्हणून बोलावून घेतलं होतं. तरी अकरा वर्षं म्हणजे अकरा वर्षं. अडचणी कोल्सच्या होत्या, वर्षं मात्र त्या माणसांची गेली.

याच काळातलं एक पत्र मात्र तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाचायलाच हवं. तारीख 31 जुलै 1814, पत्ता थॉमस जेफरसन, मॉन्टिचेलो. सचिव म्हणून नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याला विनवतो आहे, की गुलामांच्या मुक्तीची योजना तुम्ही पुढे आणा, तुमच्या शब्दाला वजन आहे. ऑगस्टमध्ये उत्तर येतं. गोड, सविस्तर आणि हात झटकणारं. विचार योग्य आहेत, पण हे काम तरुणांचं, मी म्हातारा झालो; आणि तू आपली माणसं घेऊन राज्य सोडून जाऊ नकोस. कोल्स परत लिहितो आणि नम्रपणे बेंजामिन फ्रँकलिनची आठवण करून देतो, की तो तर तुमच्याहून मोठ्या वयातही कामाला लागलेला होता. जेफरसनला इतक्या शालीन भाषेत इतका नेमका टोला क्वचितच कुणी दिला असेल.

आता पुन्हा व्हँडेलिया. मिरवणूक पांगली आहे आणि मतदानाला दीड वर्ष आहे. गव्हर्नरच्या हातात काय आहे ते तपासा. फारसं काही नाही. 1822 ची निवडणूक त्याने 2,854 मतं मिळवून जिंकली, म्हणजे एकूण मतांच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर. गुलामगिरीकडे कल असलेल्या दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली म्हणून हा निवडून आला. कायदा अडवायचा अधिकारही त्याला एकट्याला नाही, न्यायाधीशांबरोबर बसून वापरायचा. विरोधकांकडे युक्तिवादही जोरदार आहे. रस्त्यावर उभे राहिलात तर तो तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. केंटकी-व्हर्जिनियाहून आलेले सधन लोक गाड्या आणि गुलाम घेऊन तुमच्या समोरून पलीकडे मिसूरीत जाताहेत, कारण तिथे गुलाम ठेवता येतात. इथला शेतकरी 1819 च्या मंदीत बुडालाय, जमिनीला गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक दारावरून जाताना दिसतंय. अशा माणसाला नीतीची प्रवचनं देऊन काय होणार?

कोल्सने प्रवचनं दिली नाहीत, पैसे घातले. गव्हर्नरचा वर्षाचा पगार 1,000 डॉलर. चारही वर्षांचा पगार त्याने या लढ्याला दिला. व्हँडेलियाच्या वर्तमानपत्रात हिस्सा घेऊन ते आपल्या बाजूला वळवलं. फिलाडेल्फियाहून बँकर निकोलस बिडल आणि क्वेकर पंथाचे रॉबर्ट्स व्हॉक्स यांच्या मदतीने पत्रकं छापून आणली. इंग्लंडहून येऊन इथे वसाहत करणारा मॉरिस बर्कबेक ‘जोनाथन फ्रीमन’ या नावाने पत्रं लिहायचा, साध्या शेतकऱ्याच्या भाषेत. गुलाम आले तर मोठा मळेवाला येईल, आणि तो आला की हाताने राबणाऱ्या गोऱ्याला कोण विचारतो, असा त्या प्रचाराचा रोख. हे ऐकायला फार उदात्त वाटत नाही, मान्य. काळ्यांच्या हक्कांपेक्षा गोऱ्यांच्या मजुरीची काळजी त्यात जास्त होती. पण मतं अशीच फिरली.

2 ऑगस्ट 1824. मतदान केंद्रावर चला. लंगडे, आजारी, म्हातारे, सगळ्यांना आणलं जातंय. परिषदेच्या बाजूने 4,972, विरोधात 6,640. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निवडताना याच्या निम्मी मतंसुद्धा पडली नाहीत. रांगेत त्या नावेवरचा एकही माणूस शोधू नका. मत फक्त गोऱ्या पुरुषांना होतं.

जिंकलेल्या गव्हर्नरला बक्षीस काय, तर कोर्टाचा तडाखा. मुक्त केलेल्या प्रत्येक माणसामागे 1,000 डॉलरचा जामीन न लिहून दिल्याबद्दल त्याच्यावर खटला होता आणि त्याच वर्षी 2,000 डॉलरचा दंड झाला. गंमत अशी, की माणसं मुक्त केल्याचे दाखले त्याने 4 जुलै 1819 ला लिहून दिले आणि जामिनाचा तो कायदा छापून लोकांपुढे आला ऑक्टोबरात. विधिमंडळाने दंड माफ केला तरी खालच्या न्यायाधीशाने जुमानलं नाही. शेवटी 1826 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यातच 1825 मध्ये कोल्स रजेवर गेला असताना उपगव्हर्नर हबर्ड खुर्चीत बसला आणि हा परत आल्यावर उठेचना. तेही प्रकरण कोर्टात जाऊन मिटलं. इलिनॉयच्या राजकारणाने कोल्सला याहून फार काही दिलं नाही. काँग्रेसची निवडणूकही तो हरला.

फिलाडेल्फियात मात्र त्याने संसार थाटला. 1833 मध्ये लग्न, तीन मुलं, जमिनींतून आलेला पैसा. तिथे त्याला भेटायचंच असेल तर 1862 च्या फेब्रुवारीआधी भेटा. त्या महिन्यात यादवी युद्धातल्या रोआनोक बेटावरच्या लढाईत त्याचा मुलगा रॉबर्ट्स मारला गेला. तो व्हर्जिनियात जाऊन राहिला होता आणि दक्षिणेच्या सैन्यात, गुलामगिरी राखू पाहणाऱ्यांच्या बाजूने लढत होता.

कोल्स 1868 च्या जुलैत वारला. तोवर गुलामगिरी देशभर बंद झाली होती आणि इलिनॉयने आपले काळ्यांविरुद्धचे कायदेही 1865 मध्ये काढून टाकले होते. मताचा हक्क राहिला होता. त्या नावांवरच्या पुरुषांपैकी जे कुणी तोवर हयात असतील, त्यांना तो 1870 मध्ये मिळाला.