पास्ता, आलूबोंडा आणि रस्त्याकडेची चार फूट जागा

मागच्या महिन्यात कामानिमित्त पुण्याला जाणं झालं. आमच्या नात्यातला एक पोरगा तिकडं कंपनीत आहे. शिकला डोणगावात आणि मेहकरात, आता पगार चांगला. म्हणाला, "काका, आज तुम्हाला इटालियन खाऊ घालतो." गेलो. मंद दिवे, गुळगुळीत टेबलं, आवाज न करता फिरणारी वाढपी पोरं. पास्ता आला, पिझ्झा आला. चव वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. दोघांचं बिल अठराशेच्या वर गेलं. आपल्याकडं सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या माणसाच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीएवढं. पोरानं मोबाईल पुढं धरून पैसे दिले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उठला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला फूड ट्रक दाखवला. एक टेम्पो, बाजूचा पत्रा वर उचललेला, रंगीत बल्बची माळ, आत दोन पोरं आणि बाहेर वीस-पंचवीस गिऱ्हाईक उभं. "हा नवीन प्रकार आहे काका," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे बाबा, आपल्या बस स्टँडवरची भज्याची गाडी मग काय आहे?" हसला. "त्याला कोणी फूड ट्रक म्हणते का!"

परत येताना रात्रभर गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. एकाच धंद्याला एका ठिकाणी रांग लागते आणि दुसऱ्या ठिकाणी जेसीबी लागतो, असं का? घरी येऊन जुनी पुस्तकं, कात्रणं काढली. त्यातून जे हाती लागलं ते मांडतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी त्या इटालियनचंच बघू. पिझ्झा हे राजेरजवाड्यांचं खाणं कधीच नव्हतं. इटलीतल्या नेपल्स बंदरातल्या हमालांचं, कोळ्यांचं, गल्लीबोळात राहणाऱ्या गरिबांचं ते पोटभरीचं खाणं. घरात चूल पेटवायची सोय नाही, म्हणून रस्त्यावर विकत घ्यायचं आणि उभ्या उभ्या खायचं. तिथले श्रीमंत लोक त्याला नाक मुरडायचे. १८८९ मध्ये इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्यानं तिला टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीच्या पानांचा पिझ्झा करून दिला आणि त्याला तिचं नाव पडलं, असं सांगतात. इतिहासकार या गोष्टीवर शंका घेतात. पण गरिबाच्या खाण्याला मान मिळायला राणीचं नाव लागलं, हे आपल्याला नवीन नाही. २०१७ मध्ये युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आणि ज्या टोमॅटोशिवाय इटालियन जेवणाचं पान हलत नाही, तो मुळात इटलीचा नाहीच. तो आला अमेरिका खंडातून, कोलंबसनंतर. तिकडूनच बटाटा आला, तिकडूनच मिरची आली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडं उतरली. म्हणजे आपण ज्याला अस्सल गावरान म्हणून मिरवतो तो ठेचा आणि बस स्टँडवरचा आलूबोंडा, दोघांचा पाहुणचार पिझ्झाएवढाच जुना-नवा. ठेचा नव्हता तेव्हा आपली माणसं भाकरीसोबत काय खात असतील? मिरी, आलं, चिंच असणार. असो.

फूड ट्रकचा इतिहास तर आम्हा पत्रकारांच्या जवळचा निघाला. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स नावाचं शहर आहे. तिथं १८७२ मध्ये वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं घोड्याच्या गाडीत खाण्याचं दुकान मांडलं आणि ती गाडी रात्री एका वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर उभी केली. रात्रपाळीत अंक काढणारे लोक, छापखान्यातले कामगार हे त्याचं गिऱ्हाईक. शहरातली हॉटेलं तेव्हा बंद झालेली असायची. रात्री दोनला अंक छापायला सोडून बाहेर पडल्यावर गरम काहीतरी मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. आजचा झगमगीत फूड ट्रक अलीकडचा. २००८ साली जगभर मंदी आली, त्याच वर्षाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये रॉय चोई आणि त्याच्या साथीदारांनी ट्रकवर कोरियन-मेक्सिकन खाणं विकायला सुरुवात केली. आज कुठं उभे राहणार हे ते ट्विटरवर सांगायचे आणि पोरं तिकडं धावायची. हॉटेलचं भाडं परवडत नाही म्हणून गाडी, हे कारण मात्र तेव्हाही तेच, आजही तेच.

आता आपल्याकडं या. आपल्याकडं बाहेर खाण्याचा प्रश्न पैशाचा नंतर, आधी जातीचा होता. १८९० मध्ये पुण्यात पंच हौद मिशनमध्ये काही बडी मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हाती धरला. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात आग लागली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! बहिष्कार झाला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली आणि रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी. एका न्यायाधीशाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल?

त्याचं उत्तर कोल्हापुरात सापडतं. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. पाण्याला हात लावला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यानं चहाचं हॉटेल टाकलं, 'सत्यसुधारक' नावाचं. पण तिथं चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले, सोबतच्या सरदार-अंमलदारांनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार. मला ही गोष्ट नेहमी पिझ्झाच्या राणीच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटत आली आहे.

मुंबईत इराण्यांनी हे काम नकळत केलं. इराणातून आलेल्या या झरतुष्ट्री मंडळींनी रस्त्याच्या कोपऱ्यावर हॉटेलं टाकली. कयानी १९०४ मधलं, ब्रिटानिया १९२३ मधलं. दुकानाला कोपऱ्याची जागा आपले लोक अशुभ मानायचे, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली असं सांगतात. संगमरवरी टेबल, ब्रून मस्का, पाणी कम चाय. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय हे विचारायची तिथं सवय नव्हती. त्याच मुंबई-पुण्यात तेव्हा पाटीवरच 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणांचे उपाहारगृह' लिहिलेलं असायचं, हेही विसरू नये.

२६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. तिच्या कलम १५ मध्ये बाबासाहेबांनी आणि घटना समितीनं दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा शब्द घालून उल्लेख केला. धर्म, जात, लिंग यावरून कुणाला तिथं अडवता येणार नाही. देशाच्या घटनेत हॉटेलचा उल्लेख कशाला, असं आजच्या पोरांना वाटेल. आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा. चहाच्या टपरीबाहेर खिळ्याला टांगलेली वेगळी कपबशी त्यातल्या काहींनी डोळ्यांनी बघितली आहे, काहींनी ती स्वतःच्या हातानं विसळून परत टांगली आहे.

तर खाणाऱ्याला बसायचा हक्क कागदावर १९५० मध्ये मिळाला. विकणाऱ्याला उभं राहायचा हक्क मिळायला अजून चौसष्ट वर्षं जायची होती.

मधल्या काळात मुंबईचं पोट कुणी भरलं? गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांनी. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडं महिन्यानं जेवायचे. संप झाला, पगार थांबला, तरी या बायांनी उधारीवर ताट वाढलं आणि स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज या बायांच्या हातात पडू लागलं. वडापावचा मान दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना देतात, साल १९६६. पावही पोर्तुगीजांचा आणि आतला बटाटाही परका. पण त्यावर मुंबई जगली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या परत धड चालल्याच नाहीत आणि कितीतरी कामगारांनी पोटासाठी वडापावची, भाजीची गाडी लावली. १९९५ मध्ये युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर आणली, त्यासाठी ठिकठिकाणी मोक्याच्या जागा दिल्या. सरकार बदललं, योजना गेली आणि झुणका-भाकर केंद्राच्या पाटीखाली डोसा आणि चायनीज मिळू लागलं. ते तुम्हीही खाल्लं असेल.

कोर्टात मात्र लढाई चालूच होती. १९८५ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फेरीवाल्यांसाठी विभाग आखून द्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदन सिंग खटल्यात न्यायालय म्हणालं, रस्त्याकडेला धंदा करणं हा मूलभूत हक्क आहे, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतील आणि ठराविक जागा कायमची माझीच, असं कुणाला म्हणता येणार नाही. मग २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा आला. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. आधी सर्वेक्षण करा, ते होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवू नका. नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात किमान चाळीस टक्के विक्रेतेच निवडून आलेले असू द्या. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या.

फक्त एक गोष्ट. हा कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत, छावणी अशा शहरी संस्थांसाठी लिहिलेला आहे. आपल्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावातल्या गाडीवाल्याला त्याचा थेट आधार नाही. पुण्यातला फूड ट्रकवाला निदान भांडू तरी शकतो, की समिती कुठाय, सर्वेक्षण कुठाय. त्याचीही गाडी उचलतातच, तो भाग वेगळा. आपला माणूस कुणापुढं काय दाखवणार?

आणि आपल्या रस्त्याचं काय झालं बघा. नागपूर-संभाजीनगर जुना रस्ता मालेगाववरून आपल्या गावातून मेहकरला जातो. ट्रक, ट्रॅव्हल्स, एसटी, सगळं इथून जायचं आणि त्याच्या भरवशावर रस्त्याकडेची हॉटेलं, रसवंत्या, भज्याच्या गाड्या चालायच्या. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा उघडला आणि लांबचं गिऱ्हाईक तिकडं वळलं. तो रस्ता आपल्याच तालुक्यातून जातो, आपल्याच लोकांच्या जमिनीवरून. पण दोन्ही बाजूंनी कुंपण. सुरुवातीला कित्येक किलोमीटर चहाचा घोट मिळत नाही म्हणून शहरातले लोक ओरडत होते आणि कुंपणाच्या अलीकडं आपले लोक किटली घेऊन बसले होते. वेगाच्या रस्त्यावर गाड्या थांबू नयेत, हे मलाही पटतं. या रस्त्यानं आपल्या जिल्ह्यात किती जीव घेतले ते मी बातमीदार म्हणून बघितलंय. पण सुविधा केंद्रं आखताना त्यात चार गाळे आसपासच्या गावांतल्या जुन्या हॉटेलवाल्यांसाठी राखून ठेवा, एवढं म्हणायला काय हरकत होती? आपल्या जिल्ह्याची शेगाव कचोरी रेल्वे स्टेशनवर विकली गेली म्हणूनच देशभर पोचली ना! तिथं विक्रेत्याला उभं राहायला फलाट मिळाला होता.

परवा जिल्ह्यातल्या एका गावी अतिक्रमण काढायला जेसीबी आला होता. मी फोटो काढायला गेलो. भज्याची एक गाडी बाजूला ओढून ठेवली होती, कढईतलं तेल अजून गरम. गाडीवाला पन्नाशीचा. म्हणाला, "भाऊ, पंचवीस वर्सं झाले येथीसा उभा राहून. कोन्ता कागद लागते ते सांगा, मी काढतो." मी त्याला अन्न सुरक्षेच्या नोंदणीचं सांगितलं, ग्रामपंचायतीला लेखी अर्ज दे आणि पोच घे म्हटलं, ग्रामसभेत विषय मांड म्हटलं. जागेचा कागद कोणता, ते मलाही सांगता आलं नाही. कारण तसा कागदच नाही.

त्याचा पोरगा बारावीला आहे. शेजारीच उभा होता, तेलाचा डबा धरून. मी पुण्याच्या फूड ट्रकची गोष्ट सांगितली तर त्यानं विचारलं, "काका, तिथं कामाला पोरं ठेवतेत का?"