सभासद होते, सभा नव्हती : मुंबई विधानसभेची युद्धवर्षे

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते, हे आपल्या भागात शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. पण मुंबई राज्यात होते म्हणजे काय होते, हे सांगायला गेले की आपण बहुधा सात-बाराचा उतारा, मराठी शाळा आणि कोर्टाचे कागद यांवर थांबतो. त्या राज्याला एक विधानसभा होती, तिच्यात बेळगाव जिल्ह्याचे सभासद बसत होते आणि आपल्या भागाच्या भवितव्याची चर्चा तिथे एकदा सुरूही झाली होती. दीड वर्षाने महायुद्ध आले आणि सभागृहाला कुलूप लागले. ते साडेसहा वर्षांनी निघाले. या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे.

1935 च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि 1937 च्या आरंभी निवडणुका झाल्या. मुंबईची विधानसभा 175 जणांची. मत सर्वांना नव्हते. सारा भरणारा, घरपट्टी भरणारा, शिकलेला असा माणूस यादीत येई. कंग्राळीसारख्या गावात पाटील-कुळकर्ण्यांचे आणि बऱ्या जमीनदाराचे नाव लागे, त्याच्या शेतात राबणाऱ्याचे बहुधा नसे. आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव त्या यादीत होते का, हा प्रश्न घरोघरी विचारून पाहावा. उत्तरावरून घरची त्या वेळची परिस्थिती कळते. शेजारची कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी ही संस्थाने तर या सभागृहाच्या बाहेरच होती. सोयरीक एका घरात, पण मत एकालाच.

जुलै 1937 मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. कुरुंदवाडचे, कोल्हापूरचे माजी दिवाण आणि बेळगावात वकिली केलेले गृहस्थ. सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मुंबईखेरीज पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्येही अधिवेशन भरे. आपल्याकडच्या सभासदाला मिरजेवरून मीटरगेजच्या गाडीने पुणे गाठणे त्यातल्या त्यात सोयीचे.

इथे एक पेच आहे. सरकारदरबारी बेळगाव मुंबई इलाख्यात, पण काँग्रेसने 1920 साली भाषावार प्रांतिक समित्या केल्या तेव्हा बेळगाव जिल्हा कर्नाटक समितीत घातला. 1924 चे गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे अधिवेशन भरवणारे गंगाधरराव देशपांडे टिळकांचे अनुयायी, पण ओळखले गेले ते कर्नाटकसिंह म्हणून. त्यांच्याच हुदलीला एप्रिल 1937 मध्ये गांधी सेवा संघाची बैठक झाली आणि गांधीजींच्या समोर कायदेमंडळात जाण्याचा प्रश्न तिथे चर्चिला गेला. म्हणजे इथला मराठी कार्यकर्ता काँग्रेसमध्ये एका प्रांताचा आणि मतदार म्हणून दुसऱ्या प्रांताचा. सत्याग्रहाच्या दिवसांत हे कोणाला खटकले नाही. सत्ता आल्यावर खटकणारच होते.

ती वेळ लगेच आली. एप्रिल 1938 मध्ये विधानसभेत स्वतंत्र कर्नाटक प्रांताच्या मागणीवर चर्चा झाली. भाषावार प्रांत हे तर काँग्रेसचेच धोरण. विरोधी बाकांवरून स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 4 एप्रिलला विरोधात बोलले. एकाच राष्ट्रीयत्वाची जाणीव आधी रुजू द्या, असा त्यांचा रोख होता. पुढे 1948 साली त्याच आंबेडकरांनी धार आयोगापुढे मराठी प्रांताची बाजू मांडली, हे लक्षात ठेवलेले बरे. एका भाषणावरून माणसाला आपल्या किंवा परक्या पारड्यात टाकण्याची आपली खोड जुनी आहे. माझ्या लेखी महत्त्वाचे एवढेच, की प्रश्न सभागृहात आला होता. सीमा कुठे, कोणती गावे कुणाकडे, हे पुढचे प्रश्न त्याच दाराने येणार होते.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. एकाही विधानसभेला विचारले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस खेर सरकारने सभागृहात निषेधाचा ठराव मांडला. देशहित आणि अस्पृश्यांचे हित यांत विरोध आला तर आपण अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहू, हे आंबेडकरांनी याच चर्चेत बजावले. मग मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि नोव्हेंबरपासून 93 व्या कलमाखाली गव्हर्नर लम्ली यांनी कारभार हाती घेतला. सल्लागार म्हणून आय.सी.एस. अधिकारी.

विधानसभा बरखास्त झाली नाही, फक्त स्थगित झाली. सभासद सभासदच राहिले. मुदत पाच वर्षांची होती, ती 1942 मध्ये संपायची. पण 1941 साली लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून युद्ध संपेपर्यंत निवडणुका लांबणीवर टाकल्या. न भरणाऱ्या सभेची मुदत वाढली! ऑक्टोबर 1940 पासूनच्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी कायदेमंडळांतल्या सभासदांनाही निवडून पुढे पाठवले. सभासदत्वाचा उपयोग उरला तो तुरुंगात जाण्यापुरता. मावळंकरही जाऊन आले. 1942 नंतर तर बहुतेक काँग्रेसजन आतच होते.

युद्धात कायदेमंडळे बंदच ठेवावी लागतात असे मात्र नाही. इंग्लंडचे हाउस ऑफ कॉमन्स मे 1941 मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झाले, तरी सभा दुसऱ्या दालनात भरत राहिली. तेही दूरचे वाटत असेल तर सिंध पाहा. 1936 पर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग. त्याची विधानसभा युद्धात चालू होती आणि 3 मार्च 1943 रोजी तिने पाकिस्तानच्या बाजूने ठराव केला. ज्यांचे सभागृह उघडे होते त्यांनी भविष्याची आखणी सभागृहात बसून केली. राजीनाम्यामागचे तत्त्व मला चुकीचे वाटत नाही. पण त्याची किंमत सगळ्या भागांनी सारखी मोजली नाही, हे सांगितले पाहिजे.

या काळात बेळगाव काही निवांत नव्हते. 1922 पासून इथे असलेल्या मराठा पलटणीच्या केंद्रातून जवान आफ्रिकेत, इटलीत जात होते. यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये इटलीत पडले, नामदेव जाधवांनी एप्रिल 1945 मध्ये तिथेच पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. मागे गावात धान्य महागलेले, मुंबईत 1943 पासून रेशन. भरती, महागाई, पकडापकडी यांवर मुंबई सरकारला सभागृहात प्रश्न विचारायला आपला एकही माणूस उभा राहू शकत नव्हता. विचारणारे तुरुंगात आणि उत्तर देणारे मंत्रीच नाहीत.

1946 च्या आरंभी निवडणुका झाल्या, मार्चअखेर खेर पुन्हा पंतप्रधान झाले (मुख्यमंत्र्याला तेव्हा हाच शब्द होता). 1937 मध्ये ज्याने पहिले मत दिले त्याचे दुसरे मत नऊ वर्षांनी पडले. सभागृह उघडले, पण आता दिल्लीत कॅबिनेट मिशन बसले होते आणि प्रांतांच्या सीमा मुंबईत ठरण्याचे दिवस सरले होते. सभागृह उघडे राहिले असते तर निकाल आपल्या बाजूने लागला असता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. संख्याबळ आपल्याकडे नव्हतेच. परंतु मराठी गावांची बाजू 1940 च्या आसपास कामकाजाच्या कागदांत नोंदली गेली असती, आणि पुढे धार आयोग, फाजल अली आयोग आले तेव्हा दाखवायला ते कागद हाती असते.

ते नसल्यामुळे ही बाजू पहिल्यांदा मोठ्याने मांडली गेली ती दुसऱ्याच सभेत. मे 1946 मध्ये बेळगावातच ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. त्या मांडवात बसायला सारा भरल्याची पावती लागत नव्हती.