बोट टोचून रक्तातील शिसे तपासणे: आकडा जास्त आला तर काय करावे?

शिसे या जड धातूचा शरीराला काहीही उपयोग नाही. लहान मुलांमध्ये त्याच्या कमी प्रमाणानेही मेंदूची वाढ, शिकणे आणि लक्ष देणे यांवर परिणाम होतो. सुरुवातीला बहुधा कोणतीच लक्षणे दिसत नाहीत, म्हणून रक्त तपासूनच निदान करावे लागते.

यंत्र कसे काम करते?
बोटातून घेतलेले एक-दोन थेंब रक्त आम्लयुक्त द्रावणात मिसळतात. रक्तातील बहुतेक शिसे लाल पेशींमध्ये असते. पेशी फुटल्या की ते मोकळे होते. मिश्रण सेन्सरच्या पट्टीवर टाकून इलेक्ट्रोडला ऋण विद्युतदाब दिला की शिसे त्यावर जमा होते. नंतर दाब उलट दिशेने बदलल्यावर ते पुन्हा विरघळते आणि विद्युतप्रवाह निर्माण होतो. शिसे जास्त, तितका प्रवाह जास्त. सुमारे तीन मिनिटांत निकाल मिळतो.

आकड्याचा अर्थ काय?
शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून संपर्क थांबवावा. अगदी कमी शिसे हे यंत्र मोजू शकत नाही. त्यामुळे ‘लो’ म्हणजे शून्य नव्हे.

निकाल चुकू शकतो का?
होय. बोटावर शिशाची धूळ असेल तर आकडा खोटा वाढतो. घरात कोणी जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे किंवा रंग खरवडण्याचे काम करत असेल तर हे सहज घडते. म्हणून तपासणीपूर्वी मुलाचे हात साबण आणि पाण्याने नीट धुवून कोरडे करावेत.

आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी. केवळ बोटाच्या तपासणीवरून औषध सुरू करू नये. मात्र ४५ किंवा त्याहून जास्त आकडा आल्यास ही खात्री ४८ तासांच्या आत व्हायला हवी.

घरी काय करावे?
* सुरमा, शेंदूर, भस्म किंवा रसौषधी वापरत असाल तर डॉक्टरांना सांगा.
* कामाचे कपडे घरातल्या कपड्यांपासून वेगळे धुवा.
* फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.
* मुलांना लोह आणि कॅल्शियमयुक्त आहार द्या.

शरीरातून शिसे काढणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. स्रोत तसाच राहिला तर औषधानंतरही शिसे पुन्हा वाढते.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?
मुलाला झटके येणे, वारंवार उलट्या होणे, ते सुस्त पडणे किंवा असंबद्ध वागणे यांपैकी काहीही दिसल्यास तपासणीच्या निकालाची वाट पाहू नका.