तबकडीवरील चित्रपटसंग्रह
पिंपरी-चिंचवड व चाकण यांच्या कारखानदारी पट्ट्याजवळच तुकोबांचे देहू आहे. त्यांच्यावरील प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. अशा कृतींच्या जतनासाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय फिल्म संग्रहालय स्थापन झाले; तथापि २००३ सालच्या आगीत त्याच्या अनेक नायट्रेट फिती नष्ट झाल्या. पुढे २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास आरंभ केला, आणि सामान्य रसिकही संग्राहक होऊ शकला. ग्रामोफोनच्या संदर्भात रूढ असलेला ‘तबकडी’ हा शब्दही त्यामुळे नव्या अर्थाने वापरात आला. परंतु मूळ फितीतील सर्व तपशील तबकडीत उतरत नाही. म्हणून घरोघरचे संग्रह कृतीची ओळख टिकवितील. मूळ कृती राखण्याचे दायित्व मात्र संग्रहालयाचेच राहते.