नऊ मिलिमीटरचा गोंदिया

हातात नऊ मिलिमीटर रुंदीच्या रुळाचा वीतभर तुकडा घ्या आणि गोंदिया जंक्शनच्या फलाटावर उभे राहा. समोरच्या मोठ्या लाइनची रुंदी 1,676 मिलिमीटर. खाली सिमेंटचे स्लीपर, रूळ वेल्डिंगने एकसंध केलेले. गाडी सळसळत येते, सळसळत जाते.

डोळे मिटा. साल 1985. तुम्ही दहा वर्षांचे आहात, बालाघाटच्या छोट्या गाडीत खिडकीशी बसलेले. बाहेर धानाच्या बांध्या. या दोन रुळांत अंतर फक्त 762 मिलिमीटर, तुमची एक ढांग. रुळाला रूळ फिशप्लेटने जोडलेला. उन्हात लोखंड पसरतं म्हणून मध्ये फट ठेवलेली. त्या फटीवर चाक पडतं. खटक्-खटक्. त्या तालावर तुम्हाला झोप लागते.

जाग येते ती थेट 1903मध्ये. बंगाल नागपूर रेल्वेची माणसं गोंदियाहून नैनपूरकडे रूळ टाकताहेत. पुढे सातपुडा आहे. अरुंद लाइनला आखूड वळण चालतं, डोंगर कमी फोडावा लागतो, पैसा वाचतो. म्हणून ही छोटी लाइन.

आता पुढे या, 1998च्या पुण्यात. कोथरूडला भाऊ जोशींचं रेल्वेच्या छोट्या मॉडेलांचं संग्रहालय नुकतंच उघडलंय. प्रमाण एकास सत्याऐंशी. तुम्ही कागदावर भागाकार मांडता. मोठी लाइन सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. बाजारातला साडेसोळाचा तयार रूळ तिला पुरत नाही. पण 762 भागिले 87, पावणेनऊ! बाजारातला नऊचा रूळ जणू गोंदियाच्या छोट्या लाइनसाठीच घडवलाय.

घरी टेबलावर तो मांडता. पूर्वीच्या पत्र्याच्या खेळण्यात वीज मधल्या तिसऱ्या रुळातून यायची. मग दोनच रूळ राहिले, पितळेचे. ते काळवंडले की इंजिन अडायचं आणि तुम्ही घासत बसायचात. आता निकेल-सिल्व्हर आहे, इंजिनात चिप आहे.

तिकडे खरी गोंदिया-बालाघाट लाइन मोठी झाली. 2015मध्ये नैनपूर-जबलपूरची छोटी गाडीही थांबली. प्रवास सुखाचा झाला, हे खरंच.

तरी तुमच्या टेबलावर काहीतरी कमी आहे. तयार रूळ अखंड आहे. बारीक करवत घ्या, ठरावीक अंतरावर रुळाच्या माथ्याला हलकी खाच पाडा. इंजिन सोडा. कान टेबलाला लावा.

टिक्-टिक्. बांध्या मागे पळू लागतात.