सिंहगडावरची पिठलं-भाकरी : एका गडजेवणाची कुळकथा

सिंहगडावर मिळणाऱ्या जेवणाची यादी लहान आहे. पिठले, भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याचे भरीत, गरम कांदाभजी आणि मडक्यात विरजलेले दही. पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे 30 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरच्या आसपास उंचीवर असलेल्या या गडावर नेमके हेच पदार्थ रुजले. त्यांचे मूळ राजवाड्याच्या मुदपाकखान्यात नाही. ते गडाच्या घेऱ्यात राहणाऱ्या माणसांच्या चुलीपाशी आहे.

डोंगरी किल्ल्यावर अन्न ही नेहमीच जोखमीची गोष्ट होती. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने त्याला वेढा घातला तेव्हा तो नाग नायक या कोळी सरदाराच्या ताब्यात होता. फिरिश्ताच्या तवारिखेत या वेढ्याची हकिकत आहे. वर जायला कड्यात खोदलेली एकच अरुंद वाट होती, त्यामुळे उपासमार घडवण्याखेरीज सुलतानाकडे उपाय नव्हता. आठ महिन्यांनी वरची शिधासामग्री संपली आणि मगच नाग नायकाने गड सोडला. कोंढाण्याची सर्वांना ठाऊक असलेली लढाई 1670 सालची, तानाजी मालुसऱ्यांची. अन्नाच्या इतिहासात मात्र नाग नायकाचा वेढा अधिक बोलका आहे. गडावर टिकाव धरायचा तर पाणी आणि साठवून टिकेल असे धान्य हवे, हे त्यातून उघड दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाणी पाहण्यावर भर आहे. सिंहगडाला पाण्याची ददात नव्हती. कातळात खोदलेली अनेक टाकी इथे आहेत आणि त्यांतल्या देवटाक्याच्या पाण्याची चव आजही नावाजली जाते.

धान्य, सरपण आणि दूधदुभते मात्र बव्हंशी खालून येई. गडाभोवतीच्या डोंगरउतारांना आणि पायथ्याच्या वाड्यांना ‘घेरा’ म्हणत. घेऱ्यातल्या कोळी, रामोशी, महार अशा समाजांकडे वाटा राखणे, रान राखणे, खबर पोचवणे ही कामे असत आणि त्याबद्दल जमिनी मिळत. सिंहगडाच्या पायथ्याच्या गावाचे नाव अजूनही ‘घेरा सिंहगड’ असेच आहे. गड आणि घेरा यांच्यातली देवघेव रायगडच्या हिरकणीच्या कथेतही दिसते. ती दंतकथा आहे, पण खालच्या वाडीतली गवळण दूध घालायला रोज गडावर जाते हा तिचा पाया गडांच्या रोजच्या व्यवहाराला धरूनच आहे.

1818 मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. शिबंदी मोडली आणि घेऱ्यातल्या घराण्यांची पिढीजात चाकरी संपली. त्यांच्याकडे उरली ती थोडी शेती, गुरे आणि चढाचा सराव. पुढे गडाला वेगळेच गिऱ्हाईक मिळाले. पुण्यातले युरोपीय रहिवासी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात थंड हवेसाठी इथे राहू लागले आणि त्यांचे बंगले उभे राहिले. लोकमान्य टिळकांचा बंगलाही इथेच आहे. 1915 मध्ये टिळक आणि गांधीजी यांची भेट याच गडावर झाली. वस्ती शिबंदीची असो की हवापालटाला आलेल्यांची, तिला दूध, दही आणि सरपण लागतेच. विसाव्या शतकात इतिहासप्रेमी, शाळांच्या सहली आणि डोंगर चढणारे पुणेकर येऊ लागले, तेव्हा त्यांच्यापुढे घेऱ्यातल्या घरांत रोज शिजणारे जेवणच आले.

त्या जेवणात पिठले आले हे स्वाभाविक होते. ‘पिठले’ हा शब्द पिठावरून आलेला आणि ‘पीठ’ हे संस्कृत ‘पिष्ट’ म्हणजे दळलेले, यावरून. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ कोरडे राहिले तर बराच काळ टिकते, वजनाला हलके असते आणि त्याला ओल्या भाजीची गरज नसते. तेलात मोहरी, हिंग, लसूण, कांदा आणि हिरवी मिरची परतायची, पाण्यात कालवलेले पीठ त्यात सोडायचे आणि गुठळ्या होऊ न देता हलवत राहायचे. एका बाजूला भाकऱ्या थापून होईपर्यंत दुसऱ्या चुलीवर पिठले शिजून तयार होते. चढून आलेल्या भुकेल्या माणसाला याहून लवकर पोटभर देता येईल असे दुसरे काही सुचणे कठीण. झुणका हा त्याचा सख्खा भाऊ. पाणी कमी, तेल आणि कांदा जास्त, आणि कोरडा होईपर्यंत परतलेला. पुष्कळ घरांत ही दोन्ही नावे एकमेकांच्या जागी वापरतात. 1995 नंतर राज्य सरकारच्या एक रुपयातल्या ‘झुणका-भाकर’ योजनेने झुणक्याचे नाव शहरांतल्या चौकाचौकांत पोचवले. सिंहगडावर नाव राहिले ते पिठल्याचेच.

या ताटाचा तिखटपणा मात्र तितका जुना नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली आणि भारतात ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत आली. ठेच्यात पडणारे शेंगदाणेही त्याच खंडातले. नाग नायकाच्या गडावर पिठाचे कालवण असेल, तर त्याला तिखटपणा देणारी मिरची नव्हती. भाकरीचेही दोन प्रांत इथे एकत्र येतात. गडाच्या पश्चिमेचा मावळ पावसाळी, तिथली भाकरी तांदळाची आणि नाचणीची. ज्वारी-बाजरी पूर्वेच्या कोरड्या पठाराची. सिंहगड या दोन्ही मुलखांच्या सीमेवर उभा आहे, म्हणून इथे ज्वारीची भाकरी मागणारा आणि तांदळाची मागणारा शेजारी बसून जेवतो.

दह्याची गोष्ट थोडी निराळी. गडावर आणि पायथ्याच्या वाड्यांत गुरे होती, पण दूध रोज शहरात पोचवणे जिकिरीचे. विरजलेले दूध टिकते आणि जागेवर विकता येते. ते लहान मडक्यात विरजण्यामागेही कारण आहे. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात. दह्यातले पाणी त्यांतून झिरपते आणि बाहेरच्या वाऱ्याने उडून जाते. त्यामुळे दही घट्ट लागते, मडके गार राहते आणि आंबटपणा चटकन वाढत नाही. गडावरचा वारा या कामी मोठी मदत करतो. हे दही डोक्यावरच्या पाटीत घेऊन हिंडणाऱ्या बायका ही गडाची ओळख झाली. या ताटावर सर्वात जास्त हक्क कोणाचा असेल, तर त्यांचा आणि चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्यांचा आहे.

आता डोणज्यावरून मोटाररस्ता थेट वर जातो आणि आतकरवाडीची पायवाटही गजबजलेली असते. गर्दीबरोबर टपऱ्या वाढल्या, प्लास्टिक वाढले आणि अलीकडच्या वर्षांत प्रशासनाला गडावरची अतिक्रमणे काढावी लागली. ते योग्यच होते, कारण गड हे संरक्षित स्मारक आहे. पण घेऱ्यातल्या कुटुंबांचे खाद्यपदार्थ विकणे बाजारू टपऱ्यांच्या हिशेबात धरू नये. गडाला शिधा पुरवणाऱ्या वाड्यांशी त्याचे नाते आहे आणि गडाची राखण करताना त्यांना शिस्तीत जागा मिळायला हवी.

गडावर जेवणाची रीत ठरलेली आहे. पुणे दरवाज्यातून आत आल्यावर आधी जेवण सांगून ठेवायचे आणि मग तानाजींची समाधी, देवटाके, कल्याण दरवाजा पाहून परतायचे. पिठले उकळत असतानाच ताटात यावे आणि भाकरी तव्यावरून उतरताच खावी.