आधी हिरवा, मग लाल, मग निळा

गेले तीन शनिवार-रविवार इथे काहीच टाकलं नाही. एक-दोघांनी मेल करून विचारलंही. कारण साठेक किलो वजनाचं आहे आणि सध्या अहमदपूरला आमच्या जुन्या घराच्या माजघरात बसलंय. पुण्याला भंगारात मिळालेला तीन नळ्यांचा व्हिडिओ प्रोजेक्टर. समोरून बघितलं तर एका ओळीत तीन मोठी भिंगं : लाल, हिरवं, निळं. आई त्याला 'तीन डोळ्याचं' म्हणते.

आज थोडा इतिहास आणि थोडी दुरुस्ती. इलेक्ट्रॉनिक्सचा कंटाळा असेल त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालतील. (परीक्षेला मात्र तेच येणार आहेत :-))

जुन्या डबा टीव्हीत एकच पिक्चर ट्यूब असायची आणि तिच्या काचेमागे बारीक भोकांची जाळी. तिन्ही रंग त्या एकाच ट्यूबमधून येत. पण त्या जाळीवरच बहुतेक इलेक्ट्रॉन अडत, त्यामुळे चित्र भिंतीवर पाडण्याएवढा उजेड काही मिळायचा नाही. त्यावर उपाय सोपा होता. जाळीच काढून टाका आणि एका ट्यूबऐवजी तीन घ्या. एक फक्त लाल, एक फक्त हिरवी, एक फक्त निळी. तिन्हींची चित्रं भिंगांतून पडद्यावर एकावर एक पाडायची. घरात वापरता येईल असं हे यंत्र अमेरिकेत हेन्री क्लॉस या माणसाने १९७२-७३ च्या सुमारास 'ॲडव्हेंट व्हिडिओबीम' या नावाने आणलं. त्याचा पडदा सात फुटी होता. पुढे जपानी आणि युरोपीय कंपन्यांनीही अशी यंत्रं काढली.

आपल्याकडे हे पोचलं ते व्हिडिओबरोबर. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झालं, आणि त्या निमित्ताने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मोठ्या प्रमाणावर देशात आले. (त्याच ऑगस्टात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आमचं अहमदपूर नव्या जिल्ह्यात आलं. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या कायम एकत्रच असतात.) मग गावोगावी व्हिडिओ हॉल निघाले. बहुतेक ठिकाणी नुसता मोठा टीव्ही उंच स्टुलावर ठेवलेला असायचा. ज्याची ऐपत असेल तो 'बडा पडदा' लावायचा, म्हणजे हाच तीन भिंगांचा पेटारा.

त्याच्या आधी आमच्या भागात मोठा पडदा म्हणजे जत्रेतला तंबू. अहमदपूरहून नांदेडकडे जाताना लोह्याच्या अलीकडे माळेगाव लागतं. तिथली खंडोबाची यात्रा घोड्यांच्या, गाढवांच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. टूरिंग टॉकीजचे तंबू अशा जत्रांवरच जगायचे. व्हिडिओवाल्यांनी त्यांचं गिऱ्हाईक खाल्लं. रीळ नको, पेट्या नकोत, खिशात मावेल एवढ्या कॅसेटमध्ये अख्खा पिक्चर. चोरटा माल इतका वाढला की १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करावा लागला. व्हीसीआरवर दाखवलेला पिक्चर हा 'सिनेमा' धरायचा की नाही यावर कोर्टात भांडणं झाली. ते 'सिनेमॅटोग्राफ'मध्येच मोडतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लक्ष्मी व्हिडिओ थिएटर्सच्या खटल्यात दिला. पण तोवर वारं फिरलं होतं. १९९१-९२ पासून केबलची वायर घरात यायला लागली होती आणि हॉल ओस पडायला लागले होते.

एक दुसरं मालेगावही आहे, नाशिक जिल्ह्यातलं. (ते ल-चं, आमचं ळ-चं.) तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी पुढे स्वतःच 'मालेगाव के शोले' काढला. त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये झाला. टूरिंग टॉकीजवाल्यांवर आणि त्यांचे प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' निघाला, २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरवही झाला. दोन्ही जरूर बघा. मला मात्र त्या दोघांच्या मधला माणूस हवा होता, म्हणजे तीन नळ्यांच्या पेटाऱ्याचा मेकॅनिक.

तो गल्लीतच निघाला. मामा (सगळं गाव मामाच म्हणतं) आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत होते आणि मधली काही वर्षं व्हिडिओ हॉलचा पेटाराही त्यांच्याकडेच होता. वय झालंय, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पेटारा बघून म्हणाले, "हे कशाला आणलास रे? ह्याला रोज दवाखाना लागतो."

पहिल्या दिवशी त्यांनी मला मशीनला हातच लावू दिला नाही. ह्या ट्यूबना तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि वायर काढून ठेवली तरी काच तो धरून ठेवते. आधी पट्टी अर्थ करून ट्यूब 'उतरवायची', आणि काम करताना एक हात मागे ठेवायचा. "दोन्ही हात घातले की मधी काळीज येतंय." सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर रोलबॅक करता येतं, इथे नाही.

मग एकेक दुखणं निघत गेलं. उष्णतेने बोर्डावरचे झाळकाम केलेले जोड तडकले होते. प्लास्टिकच्या काडीने हळूच टोचलं की चित्र उडी मारायचं. तिथे पुन्हा झाळकाम केलं. चित्र वरून आकसत होतं, कारण आतले कपॅसिटर वाळले होते. ते बदलले. ट्यूब आणि भिंग यांच्या मधे थंडाव्यासाठी ग्लायकॉलसारखा द्रव भरलेला असतो. हिरव्या नळीतला गढूळ झाला होता, म्हणून सगळं चित्र धुक्यातून दिसत होतं. तो काढून, कप्पा धुऊन नवा भरला. एक पूर्ण रविवार त्यातच गेला. हॉलच्या काळात मामांचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र वेगळाच होता, तो म्हणजे आमची लाईट. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की व्होल्टेज पडायचं, स्टॅबिलायझर टकटक करायचा आणि हिरोच्या तोंडाला लाल-निळी झालर यायची. मग पब्लिकच्या शिट्ट्या.

ती झालर म्हणजेच या यंत्राचं मूळ दुखणं. तीन चित्रं तंतोतंत एकावर एक बसायला हवीत. यंत्र जरा हललं की बिघडतं. एवढंच काय, तोंड पूर्वेचं उत्तरेला केलं तरी पृथ्वीच्या चुंबकत्वाने किरण सरकतात. जुळवायची पद्धत अशी : आधी अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचं. पडद्यावर चौकडीची जाळी आणायची. लाल आणि निळ्या भिंगावर झाकण घालून फक्त हिरवा सरळ करायचा, कारण डोळ्याला बारीकसारीक सगळ्यात जास्त हिरव्यातच दिसतं. मग हिरव्यावर लाल बसवायचा, आधी मध्य, मग कडा, शेवटी कोपरे. मग लाल झाकून हिरव्यावर निळा. आमच्या भाषेत हिरवा हा मास्टर आणि बाकी दोघं त्याच्याशी सिंक होतात.

मामा म्हणाले, "आधी हिरवा, मग लाल, मग निळा. घाई केलास की पहिल्यापासून."

आमचं घर माळवदाचं, हात-दीड हात जाडीच्या भिंती, माजघराला खिडकीच नाही. शहरातले लोक अशा अंधारासाठी पैसे मोजतात. या यंत्राचा उजेड तसा बेताचाच, त्यामुळे हे माजघर त्याला फारच मानवलं. फक्त माळवदाची माती झिरपते आणि उच्च दाबाचा भाग धूळ ओढून घेतो, म्हणून वर कापड ताणून बांधलंय.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी चित्र जुळलं. एक जुनी कॅसेट लावली. काळा रंग खरोखरचा काळा! एलसीडी प्रोजेक्टरचा करडा काळा बघायची सवय झालेल्या मला हे विसरायलाच झालं होतं. मी खूश, पण मामा पडद्याकडे न बघता निळ्या भिंगात डोकावत होते. यंत्र बंद करून त्यांनी बॅटरी मारून दाखवलं. निळ्या नळीच्या काचेवर एक तपकिरी चौकोन होता. वर्षानुवर्षं चित्र पडून फॉस्फर जळाला होता. चित्रातलं पांढरं पिवळसर का दिसतंय ते तेव्हा कळलं.

"निळ्याचा जीव गेलाय बघ. राहिलाय थोडा."

बाकी सगळं दुरुस्त होतं, हे होत नाही. अशा नळ्या बनणं बंद होऊन बराच काळ लोटलाय. दुसरं मेलेलं यंत्र शोधून त्यातली काढायची, एवढाच मार्ग. म्हणजे जेवढा वेळ बघू तेवढी निळी संपत जाणार. मग जपून झाकून ठेवावं? तेही जमत नाही. नुसतं पडून राहिलं की कपॅसिटर खराब होतात, आणि पुढच्या वेळी चालू करताना काय फुटेल सांगता येत नाही. चालवलं तर झिजतं, न चालवलं तर मरतं.

मामांना विचारलं. ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, "महिन्यातून एकदा लाव. तासभर. आणि एकच चित्र थांबवून ठेवू नको." नंतर हळूच, "लावशील तवा मला हाक मार. जाळी अजून दिसते मला."

असो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आता मी अहमदपूरला असतो. जुळवणीची सगळी पायरी मामांकडून ऐकून वहीत उतरवून घेतोय, कारण त्यांच्याकडे ती कुठेच लिहिलेली नाही. निळा संपेल तेव्हा संपेल. त्याच्या आत वही पूर्ण व्हायला हवी.